लाइट बंद, कॅमेरा चालू!

नवा कॅमेरा घेतलाय आणि मोड डायल अजून 'ऑटो'वरच आहे? मग एक वीकएण्ड काढा आणि भंडारदऱ्याला चला. काजव्यांच्या जंगलात जे शिकायला मिळतं ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतं.

"कुठला कॅमेरा घेऊ गं?" हा प्रश्न परत सुरू झालाय. मधली दहा-बारा वर्षं तो जवळजवळ बंदच पडला होता, कारण कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात येऊन बसला होता. आकडेच बघा ना. 2010 मध्ये जपानी कॅमेरा कंपन्यांनी मिळून जगभरात सुमारे 12 कोटी डिजिटल कॅमेरे पाठवले होते. 2023 मध्ये हा आकडा 80 लाखांच्याही खाली आला. पण आता कॉलेजातली पोरं आईबाबांच्या कपाटातून जुने डिजिकॅम शोधून काढतायत, आणि नोकरीला लागून तीन-चार वर्षं झालेली मंडळी बोनस हातात पडला की 'खरा' कॅमेरा घ्यायला निघतायत. घेतल्यावर काय होतं तेही ठरलेलं. पहिला आठवडा मांजराचे फोटो, दुसरा आठवडा बाल्कनीतल्या तुळशीचे. तिसऱ्या आठवड्यापासून कॅमेरा बॅगेत आणि बॅग कपाटावर.

त्यामुळे 'कुठला कॅमेरा' या प्रश्नाला मी हल्ली 'कुठलाही' असंच उत्तर देते आणि पुढे विचारते, 'मेच्या शेवटी किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात मोकळे आहात का?' कारण तेव्हा भंडारदऱ्यात काजवे असतात. आणि काजव्यांसमोर ऑटो मोड सपशेल हात टेकतो. कॅमेऱ्याला काही दिसतच नाही, त्यामुळे सगळं तुम्हालाच ठरवावं लागतं.

भंडारदरा म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्याचा अकोले तालुका. 2024 मध्ये अहमदनगरचं नाव अहिल्यानगर झालं, बोलताना बहुतेकांच्या तोंडी अजून नुसतं 'नगर' येतं. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला हा सगळ्यात मोठा जिल्हा आणि स्वभावाने दोन टोकांचा. दक्षिणेला कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं माळरान आणि काळविटं, वायव्येला सह्याद्रीचे कडे आणि 1646 मीटरचं कळसूबाई शिखर. रेहेकुरीला नवशिक्यांनी कॅमेरा घेऊन जाऊ नये असं नाही, पण काळवीट लांबूनच बघायचं असतं. कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेल्या लेन्समध्ये ते माळावर पडलेल्या तपकिरी ठिपक्याएवढं दिसतं आणि माणूस हिरमुसतो. मग लगेच मोठ्या झूम लेन्सची किंमत विचारायला दुकानात. अकोल्यात तसं होत नाही. इथे त्याच किट लेन्समध्ये डोंगर मावतो, देऊळ मावतं, झाडही मावतं.

बॅगेत काय?

किट लेन्स म्हणजे बहुधा 18-55. तिच्यावर 1:3.5-5.6 असं लिहिलेलं असतं, ते एकदा नीट वाचा. 18वर लेन्स f/3.5पर्यंत उघडते, 55वर झूम केलं की f/5.6च्या पुढे उघडत नाही. म्हणजे नुसतं झूम केल्यामुळे आत येणारा प्रकाश अडीचपट कमी झाला. दिवसा हे कळतही नाही. रात्री काजव्यांसमोर मात्र हाच फरक 'फोटो आला' आणि 'काळा आयत आला' यांच्यातला असतो. म्हणून अंधारात झूम नको, 18वरच थांबा. पुढेमागे पैसे खर्च करायचेच असतील तर 50 एमएम f/1.8 ही साधी लेन्स घ्या, f/5.6च्या तुलनेत ती जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते आणि प्रत्येक कंपनीच्या स्वस्त लेन्सपैकी एक असते.

कॅमेरा सेकंडहॅण्ड घेतलात तरी हरकत नाही. मिररलेसची लाट आल्यापासून चांगले डीएसएलआर नव्या फोनच्या निम्म्या किमतीत मिळतात. फक्त शटर काउंट विचारा, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलंय ते. गाडीचं किलोमीटर बघतो तसंच. आणि लेन्स उजेडात धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतंय का बघा. ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत लेन्स बॅगेत पडून राहिली की हमखास लागते. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त विमा.

ट्रायपॉड मात्र चुकवू नका. या ट्रिपला कॅमेऱ्यापेक्षाही महत्त्वाचा तोच. अगदी हलका, प्लास्टिकचा स्टॅण्ड घाटावरच्या वाऱ्यात लटपटतो. तसाच असेल तर पायांचे सगळ्यात खालचे बारीक तुकडे बाहेर काढूच नका आणि मधल्या दांड्याला पाठीवरची सॅक अडकवा. ट्रायपॉड नसेल तर जुन्या पॅण्टच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात किलोभर तांदूळ भरा आणि दगडावर ठेवून कॅमेरा तिच्यात रुतवा. मस्त बसतो. (येताना तांदूळ मुक्कामाच्या घरी देऊन टाका.) जादा बॅटरी हवीच, लांब एक्स्पोजर बॅटरी अक्षरशः पितं. आणि काळी चिकटपट्टी. ती कशाला, ते पुढे सांगते.

काळं देऊळ, करडा फोटो

मुंबईहून कसारा घाट, इगतपुरी, घोटी आणि बारीवरून शेंडी. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर आणि शेंडी. शेंडी हे धरणाच्या पायथ्याचं गाव, बहुतेक हॉटेलं इथेच. विल्सन धरणाचं काम 1910 साली सुरू झालं आणि 1926 मध्ये संपलं, त्याच्यामागचा जलाशय म्हणजे आर्थर लेक. पण शेंडीत रेंगाळू नका. जलाशयाच्या कडेकडेने रतनवाडीला जा, दुपार कलायच्या आत.

रतनवाडीत रतनगडाच्या पायथ्याशी अमृतेश्वराचं देऊळ आहे. काळ्या दगडातलं, शिलाहारांच्या काळातलं मानलं जाणारं, आणि शिखरापासून जोत्यापर्यंत इतकं कोरलेलं की कुठून फोटो काढावा तेच कळत नाही. इथे पहिला धडा. ऑटोवर एक फोटो काढा. देऊळ करडं, धुतल्यासारखं दिसेल आणि वरचं आभाळ पांढरंफटक. बिघाड कॅमेऱ्यात नाही, त्याच्या गणितात आहे. समोर जे काही असेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरूनच तो प्रकाश मोजतो. काळा दगड दिसला की तो म्हणतो, 'अंधार आहे, वाढवा उजेड.' तुम्ही त्याला सांगायचं, 'बाबा रे, दगड काळाच आहे.' हे सांगायचं बटण म्हणजे +/- लिहिलेलं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. ते उणे पाऊण ते एकपर्यंत खाली आणा आणि परत काढा. दगड काळा होतो, कोरीवकामाच्या कडा उठून येतात. ढग किंवा पांढरी भिंत असेल तर उलटं, अधिककडे.

शिवाय थांबा. दुपारी दोनच्या डोक्यावरच्या उन्हात नक्षी सपाट दिसते. साडेपाचला ऊन तिरकं झालं की प्रत्येक खोबणीत सावली शिरते आणि तेच शिल्प दगडातून बाहेर येतं. लेन्स तीच, कॅमेरा तोच, फरक फक्त साडेतीन तासांचा. तेवढ्या वेळात पुष्करणीच्या काठावर बसता येतं, चहा मिळतो. गाभाऱ्यात मात्र कॅमेरा बंद. ते चालतं-फिरतं देऊळ आहे, लोक पूजेला येतात.

संध्याकाळी जलाशयाच्या काठावर या. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी खूप आत गेलेलं असतं आणि भेगाळलेला काठ उघडा पडतो. प्रत्येक जण डोंगराचं प्रतिबिंब काढायच्या नादात हा काठ कापून टाकतो. मला तोच जास्त आवडतो. इथे मोड डायल 'एम'वर फिरवा, अजून उजेड आहे तोवरच. कारण रात्री बटणं शोधायला टॉर्च लावता येणार नाही.

'एम'मध्ये तीनच गोष्टी आहेत आणि समोर धरणच असल्यामुळे दोन लगेच समजतात. धरणाचं गेट किती उघडलं, ते अ‍ॅपर्चर. आकडा जितका लहान तितकं गेट मोठं, ही उलटी भानगड एकदा पचवून टाका. गेट किती वेळ उघडं ठेवलं, तो शटर स्पीड. आयएसओ धरणात बसत नाही, तो लग्नातल्या स्पीकरसारखा. आवाज वाढवला की गाणं मोठं होतं आणि खरखरही. आयएसओ 100वर फोटो स्वच्छ, 3200वर दाणेदार. बास, एवढंच. सूर्य मावळेपर्यंत एकेक आकडा बदलून तोच फोटो वीसदा काढा. फिल्मचा जमाना असता तर एवढ्यात अर्ध्याहून जास्त रोल संपला असता.

झाडाचा फ्यूज

सूर्य साधारण सव्वासातला मावळतो. काजवे पावणेआठ-आठच्या सुमाराला सुरू होतात. रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत अशी जलाशयाभोवतीची गावं, आणि त्यांच्या शिवारातली हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं. आधी एक-दोन ठिपके. मग अचानक एक आख्खं झाड लागतं, विझतं, परत लागतं. पलीकडचं झाड त्याच तालात. कुणीतरी झाडाच्या फ्यूजशी खेळतंय असं वाटतं. ठिपके बघायला मिळतील एवढ्याच अपेक्षेने गेलेला माणूस इथे गप्प होतो.

हा उजेड म्हणजे प्रणयाराधन आहे. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ऑक्सिजन आणि एका विकराच्या मदतीने त्यातून प्रकाश तयार होतो, उष्णता जवळजवळ नाहीच. नर चमकून विचारतो, मादी चमकून उत्तर देते. अळी म्हणून जमिनीत आणि पालापाचोळ्यात गोगलगायी खात काजवा बराच काळ काढतो, पण पंख फुटल्यावर हातात उरतात जेमतेम काही आठवडे. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, खेळ संपला. आता त्या संवादाच्या मध्ये एखाद्या एसयूव्हीचा हेडलाइट येतो. किंवा मोबाइलचा टॉर्च. किंवा तुमचा फ्लॅश. विचारणाऱ्याचं बोलणंही पुसलं जातं आणि उत्तरही.

फ्लॅशची गंमत अशी की त्याने फोटोही येत नाही. फ्लॅशचा उजेड काजव्याच्या मानाने इतका प्रचंड असतो की फोटोत नुसती हिरवी पानं येतात, काजवा गायब. म्हणजे जंगलाचं नुकसान आणि फोटो भिकार, दोन्ही एकाच क्लिकमध्ये. तरीही दर पाच मिनिटांनी कुठून तरी फ्लॅश उडतोच, कारण कॅमेरा ऑटोवर असतो आणि अंधार दिसला की तो आपणहून फ्लॅश उघडतो. ऑटोवरून हलायला शिकणं हा निव्वळ हौसेचा मामला नाही तो यासाठी.

आमच्याबरोबर गावातला एक वाटाड्या होता, विशीतला पोरगा. तो एकाच गोष्टीवर अडून बसलेला. शेजारच्या ग्रुपमधल्या एकाने फोन काढला की शांतपणे म्हणायचा, "दादा, तेवढा उजेड खिशात घाला." रागावणं नाही, काही नाही. पाचव्यांदाही त्याच आवाजात.

तर, सेटिंग. दिवसाउजेडी झाड निवडून ठेवा, त्याच्यावर ऑटोफोकस करा आणि लेन्सवरचं बटण 'एमएफ'वर ढकला. मग रिंगला हात लावू नका. अंधारात ऑटोफोकस नुसता कुरकुरतो आणि मदतीला कॅमेऱ्याच्या तोंडावरचा छोटा दिवा लावतो, तो मेन्यूत जाऊन बंद करा. स्टॅबिलायझर बंद, कारण ट्रायपॉडवर तो उलट फोटो हलवू शकतो. अ‍ॅपर्चर लेन्स उघडेल तेवढं, म्हणजे 18वर f/3.5. आयएसओ 1600पासून सुरुवात. शटर 20 सेकंद. व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता 'डेलाइट'वर बांधून टाका, नाहीतर प्रत्येक फोटोतला अंधार वेगळ्या रंगाचा येतो. फाइल 'रॉ'. बटण दाबताना कॅमेरा हलतो म्हणून दोन सेकंदांचा सेल्फ टायमर. फोटो काढल्यावर स्क्रीनवर दिसणारा प्रिव्ह्यूही बंद. आणि बॉडीवरचा कार्डाचा लाल-हिरवा दिवा जिथे लुकलुकतो, तिथे ती काळी चिकटपट्टी.

फोनवाल्यांनीही वाईट वाटून घेऊ नये. नाइट मोड असलेला फोन ट्रायपॉडच्या क्लिपमध्ये अडकवला तर बरंच काही पकडतो. फक्त ब्राइटनेस तळाला नेऊन ठेवा आणि टायमर लावून स्क्रीन छातीशी झाका.

मग शटर उघडतं आणि 20 सेकंद काहीच करायचं नसतं. ऑफिसच्या कुठल्याही दिवसात 20 सेकंद काहीच न करता गेलेत का तुमचे? कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने 1975 मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, तेव्हा एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागायचे. आणि तो फोटो होता जेमतेम 10 हजार पिक्सेलचा. मला त्या अंधारात उगाचच तो आठवत होता. त्या 20 सेकंदांत बघायला मिळतात ते खरे काजवे.

पहिल्या फ्रेममध्ये काय येतं? पाच-पंधरा पिवळट-हिरवे ठिपके आणि उडणाऱ्या एखाद्या काजव्याची तुटक रेघ. बहुतेक जण इथे खट्टू होतात, कारण सोशल मीडियावर पाहिलेल्या फोटोत झाडच काय, जमीनसुद्धा चमकत असते. ते फोटो एका क्लिकचे नसतात. कॅमेरा जराही न हलवता 30, 40, कधी 100 फ्रेम्स काढतात आणि मग सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचतात. प्रत्येक फ्रेममधला उजळ बिंदू तेवढा ठेवायचा, बाकी अंधार. याला स्टॅकिंग म्हणतात. फोटोशॉपमध्ये लेयरला 'लाइटन' दिलं की झालं, स्टारस्टॅक्ससारखं फुकट सॉफ्टवेअरही चालतं. एक टीप, कॅमेऱ्यातलं 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' आधी बंद करा, नाहीतर 20 सेकंदांच्या प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा आणखी 20 सेकंद स्वतःशीच हिशेब करत बसतो.

मीही 40 फ्रेम्स काढल्या. मुक्कामाच्या घरी लॅपटॉपवर रचल्या आणि भाकरी थापणाऱ्या मावशींना कौतुकाने दाखवल्या. त्यांचा सगळा जन्म त्याच शिवारात गेलेला. त्यांनी पिठाचे हात मागे धरून स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढे कुठं असत्यात गं एका झाडावर?"

बरोबरच होतं त्यांचं. 40 गुणिले 20 म्हणजे 800 सेकंद. सव्वातेरा मिनिटांतले सगळे काजवे मी एका क्षणात बसवले होते. मग त्यांना एक सुटी फ्रेम दाखवली, अकरा ठिपके आणि एक वळलेली रेघ. "हां, आता कसं," म्हणाल्या आणि तव्याकडे वळल्या.

स्टॅकिंग म्हणजे फसवणूक असं मी म्हणणार नाही. तेरा मिनिटांचा फोटो हाही खराच फोटो, फक्त तेरा मिनिटांचा. पण खाली तसं लिहा ना! '40 फ्रेम्स, 20 सेकंद' एवढं टाकायला कितीसे कष्ट पडतात? न लिहिल्यामुळे काय होतं ते शनिवारी रात्री घाटघर रस्त्यावर उभं राहून बघा. गाड्यांची रांग, हॉर्न, आणि 'फोटोत तर किती होते' म्हणत झाडावर टॉर्च मारणारी माणसं. त्यांना बोलावणारा फोटो कुणीतरी आपल्यासारख्यानेच टाकलेला असतो.

हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, त्यामुळे प्रवेश शुल्क, वेळ आणि वाहनं याबाबत वन विभागाच्या नाक्यावर जे सांगतील ते ऐका. शनिवारऐवजी मंगळवार-बुधवारची रजा टाकता आली तर उत्तम. कालनिर्णय उघडून अमावास्येच्या आसपासची तारीख शोधा, चंद्र नसला की काजवे उठून दिसतात. मुक्काम गावातल्या घरात करा. गाडी गावातच ठेवा, चालत जा आणि रस्ता सोडून गवतात शिरू नका, मादी बऱ्याचदा तिथेच खाली बसलेली असते.

जूनमध्ये पाऊस एकदा धरून लागला की काजवे संपतात. कॅमेरा मात्र बाहेरच ठेवा, कारण मग रंधा धबधबा भरतो आणि तिथे शटरचा दुसरा खेळ सुरू होतो. 1/1000वर पाण्याचा थेंबन्‌थेंब थिजतो, अर्ध्या सेकंदावर तेच पाणी पिंजलेल्या कापसासारखं होतं. अर्धा सेकंद दिवसाउजेडी मिळवायचा तर ढगाळ सकाळ गाठा, आयएसओ 100 आणि f/16 लावा. तरीही फोटो पांढरा येत असेल तर लेन्सवर एनडी फिल्टर, म्हणजे कॅमेऱ्याचा गॉगल. दर दोन मिनिटांनी काच कोरड्या मऊ फडक्याने पुसा, तुषार लांबवर येतात. आणि ट्रायपॉडचे तिन्ही पाय रेलिंगच्या आत.